कापश्याला रंग आला त्या वर्षी

माझं नाव काळूबाई. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे फारशी संधी मिळणार नाही. कारण मी जन्मले ती दुधासारखी पांढरी. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या. दवाखान्यातल्या नर्सने मला उचललं, आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे आणि मग बराच वेळ आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे. धनगराच्या रापलेल्या घरात हे काय आलं, असा तो प्रश्न होता. आईने तिथल्या तिथे काळूबाईचं नाव ठेवून टाकलं आणि गालावर काजळाची तीट लावली. एवढं पांढरं लेकरू म्हणजे दृष्ट लागणारच, असं तिचं म्हणणं.

पुढे दृष्ट लागली की नाही ते माहीत नाही, पण नजर मात्र मिळाली नाही. माझी बुबुळं फिकट निळसर होती आणि सतत हलायची. साबण गेलेल्या डोळ्यांनी जग जसं दिसेल, तसं मला कायम दिसत आलंय. चार हातांवरचा माणूस मी ओळखते, दहा हातांवरचा माणूस म्हणजे एक उभा डाग. उन्हात तर डागही नाही. नुसता लख्ख त्रास.

मी तीन वर्षांची असताना आई गेली. आबांना मेंढरं राखायला माळावर जाणं भाग होतं आणि मला घरी ठेवायला कुणी नव्हतं. तेव्हा त्यांनी धनगरांची जुनी रीत वापरली. कळपात एखादी मेंढी अधू डोळ्यांची असली, तर तिला म्होरक्याच्या घंटीची सवय लावतात. म्होरक्या म्हणजे कळपाच्या पुढे चालणारा बकरा. त्याच्या गळ्यातली घंटी ऐकत ती मेंढी बरोबर मागून येते, खड्ड्यात पडत नाही. आबांनी ती पितळी घंटी बकऱ्याच्या गळ्यातून काढली आणि स्वतःच्या कमरेला बांधली.

"म्या म्होरं, तू मागं," ते म्हणाले. "घंटी थांबली की थांबायचं."

गावाने यथेच्छ टिंगल केली. धुळा मासाळ बकरा झाला, असं पोरं ओरडायची. आबा त्यांना खरोखर बकऱ्यासारखं बें करून दाखवायचे. त्या घंटीमागे मी सगळा माळ पालथा घातला. कुसळं कुठे, मुरूम कुठे, ओढ्याची उतरण कुठे, हे माझ्या तळपायांना पाठ झालं.

सोलापूरकडचा आमचा माळ एकेकाळी नजर पोचेल तिथवर होता म्हणतात. माझ्या जन्माआधी पूर्वेला सहापदरी रस्ता आला. मी शाळेत असताना पश्चिमेला सौरऊर्जेची तावदानं आली, मैलच्या मैल, भोवती बारीक तारेचं कुंपण. मधे उरलेल्या तुकड्याचं अभयारण्य झालं. तिथली काळविटं ना इकडून बाहेर जाऊ शकत होती, ना तिकडून नवी येऊ शकत होती. आपापसातच सोयरिकी होत राहिल्या आणि काही पिढ्यांनी कळपात पांढरी पाडसं जन्मायला लागली.

ती जगायची नाहीत. लांडग्याला, कुत्र्याला पहिलं तेच दिसायचं. एकच जगलं. त्याला सगळे कापश्या म्हणायचे.

तोवर मला अभयारण्याच्या फाटकावर नोकरी लागली होती. तिकीट द्यायचं आणि माइकवरून सूचना सांगायच्या. पर्यटक कापश्याला बघायला यायचे आणि जाता जाता मला बघायचे. "मॅडम, तुमच्याबरोबर एक फोटो? पांढरं हरीणही मिळालं, तुम्हीही मिळालात." मी काढू द्यायचे. एकदा एका बाईने माझा दंड चोळून पाहिला, रंग निघतो का म्हणून. मी तिला म्हटलं, जपून हं, हाताला लागेल. बिचारीने खरंच हात पुसला.

हे सगळं मला हसण्यावारी नेता यायचं. नेता यायचं नाही ते ऊन. टोपी, गॉगल, लांब बाह्या, मलमं, सगळं करूनही तिसाव्या वर्षी माझ्या कानामागे एक जखम झाली, ती भरेना. सोलापूरला नेऊन कापली. डॉक्टर म्हणाले, आज निभावलं, पुढच्या खेपेला सांगता येत नाही.

त्याच सुमाराला डॉक्टर शाल्मली ओगले आल्या. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत त्या जनावरांच्या रंगावर काम करत. बाई हुशार, बोलायला फटकळ आणि चहाला कधी नाही म्हणायच्या नाहीत. फाटकावरच्या माझ्या खोलीत बसून त्यांनी मला पहिल्यांदा समजावलं, की पांढरं सगळं सारखं नसतं.

"काही जनावरांत रंग बनवणाऱ्या पेशीच नसतात. त्यांचे डोळे काळेच राहतात, नजरही चांगली असते. पण कापश्याचं आणि तुझं वेगळं आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्यात पेशी आहेत. कारखाना उभा आहे, कामगार हजर आहेत, फक्त एक हत्यार मोडकं आहे. एक विकर. शरीरातलं रसायन घडवणारं प्रथिन म्हण हवं तर. त्याचा जनुक बिघडला की रंगाचं काम पहिल्याच पायरीवर अडतं."

"मग हत्यार बदला की," मी म्हटलं.

"तेच करतोय."

त्यांनी एक निरुपद्रवी विषाणू घेतला होता. त्याच्या पोटातला त्याचा स्वतःचा मजकूर काढून त्या विकराचा धड जनुक त्यात भरला होता. हा विषाणू टोचला की तो रंगपेशींपर्यंत जातो आणि जनुक तिथे पोचवतो. टपाल पोचवून पोस्टमन निघून जावा, तसा. मग केस मुळापासून रंगीत उगवतात, कातडीला रंग चढतो, उन्हाशी झुंजायची ताकद येते. माणसांवरही चाचण्या सुरू झाल्या होत्या. रानातल्या जनावरावर कुणी केलं नव्हतं. परवानगी मिळाली ती एकट्या कापश्यासाठी.

गुंगीच्या सुईने त्याला पाडलं, कातडीखाली ओळख पटवणारी चकती बसवली, टोचलं आणि सोडलं. दोन महिन्यांनी वनरक्षक सुदाम लोखंडे धावत फाटकावर आला. "काळूताई, कापश्याची मान तपकिरी झाली!" मला दिसणार नव्हतंच, पण मी त्याच्याबरोबर माळावर गेले आणि तो सांगेल तसं ऐकत राहिले. हिवाळा संपेपर्यंत कापश्या पाठीवर काळा, पोटाला पांढरा, असा भरदार नर झाला. कळपातून त्याला वेगळा काढणं सुदामलाही जमेना.

पर्यटक घटले. शाल्मलीताईंनी आम्हाला पेढे वाटले.

त्यानंतर माझी पाळी आली. निर्णय माझा होता, कुणी बळजबरी केली नाही. शाल्मलीताईंनी आबांसमोर मला बसवून सगळं सांगितलं.

"काळू, नीट ऐक. रंग येईल, पण नजर येणार नाही. मूल पोटात असतं तेव्हा डोळ्याचा पडदा तयार होतो आणि डोळ्यापासून मेंदूपर्यंत तारा ओढल्या जातात. ते काम नीट व्हायला त्या वेळी तिथे रंग लागतो. तुझ्यात तो नव्हता. तारा वेड्यावाकड्या ओढल्या गेल्या. आता मागून रंग दिला तरी त्या जागच्या हलत नाहीत. उजेडाचा त्रास कमी होईल, बुबुळं कमी हलतील. त्यापुढे मी काही कबूल करणार नाही."

मला कळलं. मला कातडीपुरतंच हवं होतं. खरं सांगायचं तर आणखीही एक हवं होतं. आठवडी बाजारातून एकदा, फक्त एकदा, कुणीही मान न वळवता चालत जायचं होतं.

आबांनी एकच विचारलं. "डोळं काळं होत्याल?"

"होतील आबा, बुबुळात रंग येईल. पण..."

"मंग झालं की," आबा म्हणाले आणि उठून चहा सांगायला गेले.

लोकांचे केस मुळाशी पांढरे होतात, माझे मुळाशी काळे झाले. गावातल्या बायका मला बसवून केस विंचरायच्या, फक्त ते बघायला. कातडीवर आधी तीळ आले, मग ठिपके, मग गव्हासारखा एकसारखा रंग. आरशाला नाक लावून पाहिलं तेव्हा आई दिसली. मला आईचा चेहरा आठवत नव्हता, तरी मी ओळखला. मी त्या दिवशी खूप रडले.

पाच महिन्यांनी एका सकाळी आबांनी मला अंगणात उजेडाकडे तोंड करून बसवलं. हनुवटी धरली आणि अंगठ्याने खालची पापणी ओढली. बाजारात मेंढी घेताना ते असंच करतात. डोळ्यात निळसर झाक असली की मेंढी आंधळी. डोळा काळाभोर असला की नजर साफ. डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, पण भरवसा या परीक्षेवर होता. चाळीस वर्षांत या परीक्षेत आबा एकदाही फसले नव्हते, आणि पंचक्रोशी त्यांना मेंढी दाखवल्याशिवाय सौदा करत नव्हती.

"काळाभोर," आबा म्हणाले. "काळे, नजर साफ झाली बग तुजी."

आता सांगावं, म्हणून मी तोंड उघडलं. पण आई गेली तेव्हासुद्धा माझ्यासमोर न रडलेला माणूस माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडायला लागला. "तुजी आय असती तर," एवढंच म्हणत राहिले. "म्या गेल्यावर तुजं कसं, ह्याच घोरानं झोप न्हवती गं मला. आता सुखानं डोळं मिटंन."

"हो आबा," मी म्हटलं. "दिसतंय."

त्यांनी कमरेची घंटी सोडली आणि खुंटीला अडकवली. अठ्ठावीस वर्षांनी.

पुढच्या रविवारी मी एकटी बाजारात गेले. एकाही माणसाने वळून पाहिलं नाही. भाजीवाल्याने मला इतर बायकांसारखंच लुबाडलं, तेही मला गोड लागलं. मी मेथीच्या ढिगांमधून, माणसांच्या घोळक्यामधून चालत होते आणि मनात नाचत होते. मग रस्ता ओलांडायला उभी राहिले. पूर्वी मी रस्त्याकडेला उभी राहिले की कुणी ना कुणी हात धरायचं. "भुरी हाय, थांबा रं," म्हणून गाड्या थांबवायचं. त्या हातांचा मला इतकी वर्षं राग यायचा. आज हात आला नाही. आजकालच्या बॅटरीच्या मोटारसायकली आवाजही करत नाहीत. हँडल माझ्या कोपराला लागून गेलं, मेथी रस्त्यावर पडली.

"आंधळी हायस का गं?" गाडीवाला ओरडला.

मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लोकांना वाटलं, पोरगी घाबरली. घरी मी आबांना सांगितलं की घाईत दारात ठेचकाळले.

घरात आणि माळावर निभत होतं. तिथे मला पाय होते. शिवाय आबांना माझी फारशी चूक दिसण्यासारखी राहिली नव्हती, कारण त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरत होता. समोरचं दिसायचं, बाजूचं मिटत चाललं होतं. डॉक्टरांनी थेंब दिले आणि सांगितलं, गेलेलं परत येत नाही. आबा निवांत होते. "आता घरात एक डोळस हाय की," असं ते त्या डॉक्टरांनाच म्हणाले.

माघ संपताना एका संध्याकाळी जेवताना आबा म्हणाले, "आज एक काळा नर पळाला बग, एकलाच. तीन-चार कुत्री मागं. काय पळाला! म्या उठलोबी न्हाय. म्हटलं, काळा नर हाय, कुत्र्याच्या बापाला गावायचा न्हाय. पांढरा असता तर काठी घिऊन पळालो असतो."

मी भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुदामने बोलावलं. सौरऊर्जेच्या कुंपणाशी एक नर मेला होता. भरधाव येऊन तारेवर आदळला, मान मोडली, मग कुत्री पोचली. साध्या नरासारखा साधा नर. सुदामने यंत्र फिरवलं तेव्हा कातडीखालची चकती बोलली. मी खाली बसले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. केस राठ होते आणि पोटापाशी मऊ. त्याच्या काळ्या पाठीचा मी आजवर फक्त सुदामकडून ऐकलेला रंग माझ्या हाताखाली होता, अगदी चार बोटांवर, आणि तो मला आता स्पष्ट दिसत होता.

शाल्मलीताई संध्याकाळपर्यंत पुण्याहून आल्या. मोजणीच्या ड्रोनचं जुनं आणि मागच्या तीन महिन्यांचं चित्रण त्यांनी माझ्या खोलीत बसून पाहिलं. मी शेजारी बसून होते. बऱ्याच वेळाने त्यांनी पडदा बंद केला.

"काळविटात नर काळा झाला की तो मोठा झाला, गादीचा दावेदार झाला, असा अर्थ," त्या म्हणाल्या. "कापश्या पांढरा होता तोवर बाकीचे नर त्याला मोजतच नव्हते. तो माद्यांमध्ये राहायचा. जुन्या फितीत बघितलं, पळताना तो कायम एका म्हाताऱ्या मादीला अंग घासून पळायचा. ती वळेल तिकडे वळायचा. त्याला दिसत नव्हतं काळू, तो तिच्यामागे पळत होता. आम्ही त्याला काळा केला आणि मोठ्या नरांनी शिंगं मारून त्याला कळपाबाहेर काढला. एकटा पडला. एकट्याला तार कोण दाखवणार?"

मी त्यांच्यापुढे चहा सरकवला.

"मी रक्त मोजलं, केस मोजले, वजन मोजलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा फटकळ आवाज फुटला. "ती म्हातारी मादी मला दिसलीच नाही गं."

वनखात्याने चौकशी होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही असं ठरवलं. जाताना शाल्मलीताईंनी माझा हात धरला. पूर्वी लोक रस्त्यात धरायचे तसा. "तुझ्या माणसांना सांग. आज सांग. तुला दिसत नाही हे त्यांना माहीत असायला हवं. तुला कळतंय ना मी काय म्हणतेय?"

मला कळत होतं. कोपरावरचा व्रण अजून दुखत होता. आबांना सांगायचंच, हे मी त्या रात्री नक्की केलं. कापश्याचं नाही सांगायचं. आपण बसून राहिलो आणि तो गेला, हे त्यांना कशाला? पण माझं सांगायचं. आबा, रंगच आला हो, बाकी काही नाही, घंटी पुन्हा बांधा. वाक्य तयार होतं.

सकाळी मी उठले तेव्हा आबा अंगणात तयार बसले होते. खांद्यावर घोंगडं, हातात काठी आणि मांडीवर ती घंटी. त्यांनी ती राखेने घासून लख्ख केली होती.

"काळे, हिकडं ये," ते म्हणाले. "मला आता कडंचं काय दिसंना. परवा ओढ्याला पाय घसरला, तुला बोललो न्हाय. घोर लावायचा न्हवता." ते थोडं हसले. "आता उलटं करू. तू म्होरं, म्या मागं."

त्यांनी माझ्या कमरेभोवती दोरी फिरवली. गाठ मारायला त्यांना वेळ लागला, बोटं चाचपत होती. इतक्या वर्षांत त्यांनी कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आता मागत होते आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. उलट मिरवल्यासारखे उभे होते, लेकीमागे चालायला. माझं वाक्य घशापर्यंत आलं. मी ते गिळलं.

"आबा, चपला राहू देते. पाय भाजत नाहीत आता," मी म्हटलं.

अनवाणी पुढे झाले. दारातला उंबरा, मग मुरूम, मग बाभळीकडची वाट, तिथे काटे, म्हणून डावीकडून. तळपाय सांगतील तसं चालत होते. एकेक पाऊल आधी चाचपून मगच वजन टाकत होते, पण घंटी अडखळू द्यायची नाही, हे सांभाळत होते. घंटी अडखळली की मागचा माणूस घाबरतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ओढ्याची उतरण मी बसकण मारल्यासारखी उतरले आणि आबांना हात दिला.

"पोरी, भारी चालतीस की," आबा म्हणाले.

टेकाडावर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. पूर्वीसारखं ते डोळ्यांत घुसलं नाही. समोर मोठा पिवळट उजेड पसरला होता. माळ असेल. त्यात काही हलत होतं की नव्हतं, मला सांगता येत नाही.

"कळप हाय का गं?"

खुरांचा बारीक आवाज येत होता. "आहे आबा. खालच्या अंगाला."

"आन् आपला कापश्या? तू वळकशील त्याला. मला तर पांढरा असतानाच दिसायचा, आता सगळे सारकेच." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बग की नीट."

मी बघितलं. जेवढं बघता येतं तेवढं बघितलं.

"आहे की आबा," मी म्हटलं. "माद्यांच्या घोळक्यात आहे. एका म्हातारीला चिकटून चरतोय."

"काळा झालाय?"

"काळाभोर."

आबांनी सुस्कारा सोडला. "लेकरू मार्गी लागलं मंजी," असं ते कापश्याला म्हणाले की मला, कोण जाणे. मग काठी टेकत वळले. "चल. मेंढरं खोळंबली असत्याल."

मी वळले. उतरणीवर पाऊल टाकायच्या आधी अंगठ्याने खडे चाचपले, दम घेतला आणि निघाले. कमरेला घंटी वाजत होती, आणि तिच्यामागून आबांची पावलं निर्धास्त येत होती.